आधी उकडायचे, मग भाजायचे: लसूण-पुदिन्याचे कुरकुरीत बटाटे

ज्या घरात बट्टी होते त्या घराला या पदार्थाची अर्धी कृती आधीच पाठ असते. खानदेशी बट्टीचा गोळा आधी वाफवायचा, मग त्याच्या फोडी करून तळायच्या. कच्चाच तेलात सोडला तर वरून लाल होतो आणि आत पीठ राहतं. भाजलेल्या बटाट्याचं गणित तेच. कच्च्या फोडींना तेल चोळून सरळ ओव्हनमध्ये सरकवलं तर पाऊण तासाने चामट कातड्याचे उकडलेले बटाटे बाहेर येतात. आधी पाण्यात शिजवले, कडा मोडल्या, वाफ जाऊ दिली आणि मग कडक आचेवर भाजले तर वर दाताखाली मोडणारं कवच आणि आत भुसभुशीत गर. सगळा खेळ ओव्हनच्या आधीच्या पंचवीस मिनिटांत आहे, आणि बहुतेक जण घाई करतात ती नेमकी तिथेच.

एका वेळेला आम्ही १ किलो बटाटे धरतो. सोलून ९०० ग्रॅमच्या आसपास राहतात आणि भाजून साधारण साडेसहाशे ग्रॅम उरतात, कारण बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि त्यातलं बरंचसं उडवायचं असतं. तोंडीलावणं म्हणून चार माणसांना पुरतं. बाकी सामान असं: उकडायला २ लिटर पाणी, त्यात २० ग्रॅम मीठ (मोठा सव्वा चमचा) आणि अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, भाजायला ७५ मिली, म्हणजे मोठे ५ चमचे तेल, लसणाच्या १० ते १२ पाकळ्या, कढीपत्त्याच्या दोन काड्या, पाव छोटा चमचा ओवा, मूठभर पुदिना आणि तेवढीच लसणाची पात, नसेल तर कोथिंबीर, शेवटी वरून टाकायला मीठ आणि ताजी कुटलेली मिरी. तूप-लोणी-दही कुठेच नाही, त्यामुळे दूधदुभतं न खाणाऱ्यांनाही चालतं. लोणी मुद्दाम घालू पाहणाऱ्यांसाठी सांगायचं तर त्यातलं पाणी बटाट्याला ओलं ठेवतं आणि दुधाचे कण २२० अंशांना काळे पडतात, तेव्हा इथे त्याचा उपयोगही नाही.

बटाटा घेताना भाजीवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: वेफर्सचा आहे का? होळीनंतर गच्च्यांवर वेफर्स आणि कीस वाळायला लागतो, तेव्हा हा प्रश्न त्याने शंभरदा ऐकलेला असतो आणि उत्तर बहुतेक वेळा खरं मिळतं. वेफर्सच्या बटाट्यात पाणी कमी, पिठूळपणा जास्त आणि साखर कमी, आणि भाजायलाही याच तीन गोष्टी लागतात. जातीचं नाव कळलं तर उत्तमच. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जातींना सिमल्याजवळच्या कुफरी गावाचं नाव लागतं. त्यातली कुफरी चिपसोना-१ ही १९९८ साली खास वेफर्ससाठी आली आणि या कामाला तीच सगळ्यात बरी. १९६८ सालची कुफरी ज्योती मधली, चालून जाते. कुफरी पुखराज दिसायला मोठा, पिवळसर, स्वस्त आणि पाणीदार. रश्शाला ठीक, इथे नाही.

नाव कळलंच नाही तर घरी ओळखायची सोपी रीत आहे. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवायचं आणि त्यात बटाटा सोडायचा. बुडला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार. एकाच पिशवीतले चार बुडतात आणि दोन तरंगतात असंही होतं. तरंगलेले भाजीला ठेवायचे. साल बोटाने चोळून निघणारा अगदी नवा बटाटाही भाजीलाच, कारण उकडल्यावर त्याच्या कडा मोडत नाहीत, गुळगुळीत राहतात. हिरवट डाग पडलेला किंवा लांब कोंब फुटलेला बटाटा मात्र कशालाच नको. त्यात सोलानिन वाढलेलं असतं, ते कडू तर असतंच पण पोटालाही बाधतं.

साखरेचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं नीट करूनही बटाटे काळे पडले तर दोष बहुधा इथे असतो. बटाटा २ ते ४ अंशांच्या थंडीत राहिला की त्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. बियाण्याचा किंवा भाजीचा बटाटा शीतगृहात अशाच थंडीत ठेवतात. वेफर्सचा १० ते १२ अंशांवर, म्हणून बाजारात त्याला ‘शुगर फ्री’ म्हणायची पद्धत पडली आहे. गोड झालेला बटाटा ओव्हनमध्ये वीस मिनिटांतच गडद तपकिरी होतो, पाणी मात्र अजून उडालेलं नसतं. म्हणजे रंग आला, कुरकुरीतपणा नाही, चवीला कडवट. कच्चे बटाटे घरच्या फ्रिजमध्ये ठेवले तरी हेच होतं, तेव्हा ते टोपलीत, अंधारात, कांद्यापासून लांब ठेवायचे. शंका असेल तर एक पातळ चकती तळून पाहायची. कडक होण्याआधीच लालभडक झाली तर त्या बटाट्याची सुकी भाजी करावी.

आता काम. बटाटे सोलून मध्यम बटाट्याच्या चार फोडी करायच्या, प्रत्येक ४ ते ५ सेंटीमीटरची. सरळ चौकोनी तुकड्यांपेक्षा तिरके काप चांगले, कारण तिरक्या कापाला धारदार कडा जास्त येतात आणि कडाच सगळ्यात आधी कुरकुरीत होतात. फोडी लहान केल्या तर लवकर होतील असं वाटतं. होतात खऱ्या, पण आत गर उरत नाही, नुसता चिवडा होतो. सगळ्या फोडी सारख्या आकाराच्या असणं हे सुंदर दिसण्यासाठी नाही, एकाच वेळी शिजण्यासाठी आहे. कापलेल्या फोडी दोन पाण्यांत धुवायच्या, वरचं सुटं पीठ गेलं पाहिजे.

पाणी उकळलं की मीठ आणि सोडा घालायचा. सोडा घालताना पाणी फसफसतं, म्हणून पातेलं काठोकाठ भरू नये. मग फोडी. पाणी पुन्हा उकळायला लागलं की तिथून १० मिनिटं मोजायची. सोड्याचं काम काय, ते बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. जड पाण्यात तुरीची डाळ तासभर टणटणीत राहते आणि चिमूटभर सोडा टाकला की विरघळते. बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे घट्ट होतं आणि सोड्याने सैल पडतं. आपल्याला फोडीचा बाहेरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर सैल करायचा आहे, म्हणजे तो खरवडला जाऊन पिठाचा लगदा होईल. याच कारणाने उकडताना लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतलं काही घालायचं नाही. आंबटपणा पेक्टिनला पक्कं करतो. अर्ध्या चमच्याच्या वर सोडा गेला तर मात्र साबणासारखी चव लागते आणि रंगही पिवळट येतो, तेव्हा अंदाजाने ओतू नये. फिल्टरचं पाणी असेल तर पाव चमचाही पुरे.

दहाव्या मिनिटाला एक फोड झाऱ्यावर काढून सुरी टोचायची. सुरी आत अडखळता कामा नये, आणि तरी फोड झाऱ्यावर अखंड राहिली पाहिजे. कडांना पाहा: त्या किंचित पारदर्शक, पसरट, धूसर झालेल्या असतात. मधोमध कचकच लागली तर आणखी दोन मिनिटं. फोडी पातेल्यातच फुटायला लागल्या असतील तर दोन मिनिटं उशीर झाला आहे. तरीही टाकून देऊ नका, अलगद काढल्या तर त्याच सगळ्यात कुरकुरीत होतात.

चाळणीत ओतायचं आणि चाळणी तशीच ठेवून हात धुवायला जायचं नाही. फोडी लगेच त्याच गरम, रिकाम्या पातेल्यात परत, गॅस अगदी मंद, एक मिनिट. मग गॅस बंद, झाकण नाही, तीन मिनिटं तसंच. या चार मिनिटांत पातेल्यातून ढगासारखी वाफ निघते. ती बाहेर गेली नाही तर पुढे ट्रेमध्ये निघणार, आणि तिथे ती निघाली म्हणजे बटाटे भाजण्याऐवजी वाफवले जाणार. फोडींचा ओला चकाकता रंग जाऊन त्या खडूसारख्या पांढऱ्या, कोरड्या दिसायला लागल्या की झालं. पंख्याखाली ठेवल्या तर आणखी बरं. जळगावच्या मे महिन्यात ही पायरी निम्म्या वेळात होते, पावसाळ्यात दुप्पट लागतो. अर्थात मे महिन्यात ४४-४५ अंशांत घरात ओव्हन लावायचा उत्साह कुणाला असतो ते वेगळं. हा पदार्थ खरा थंडीतलाच, भरताची वांगी येतात त्या दिवसांतला.

आता तेल घालून हलवायचं, पण त्याआधी तेलाकडे बघू. लसूण पातळ चिरून, कढीपत्ता आणि ओवा ७५ मिली तेलात घालून छोट्या कढल्यात मंद आचेवर ठेवायचा. चार-पाच मिनिटांत लसणाच्या कडा नुकत्या सोनेरी होतात, कढीपत्ता कडक होतो. लगेच गाळायचं. तेल वेगळं, लसूण-कढीपत्ता वेगळा. तो आपण अगदी शेवटी वापरणार. लसूण बटाट्यांबरोबरच ट्रेमध्ये टाकला तर पंधराव्या मिनिटाला जळतो, आणि जळलेल्या लसणाचा कडवटपणा सगळ्या घाण्याला लागतो. गाळलेल्या तेलात वास उतरलेला असतो, जळायला काही उरलेलं नसतं. लसूण गाळल्यावरही अंगच्या उष्णतेने थोडा पुढे शिजत राहतो, म्हणून जरा आधीच काढावा.

तेल कोणतं? शेंगदाण्याचंच, पण रिफाइंड. घाण्याचं तेल चवीला कितीही सरस असलं तरी ते १६०-१७० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि आपल्याला २२० अंश हवेत. रिफाइंड शेंगदाणा तेल २२५-२३० पर्यंत टिकतं. सरकीचं रिफाइंडही चालतं. घाण्याचं तेल वापरायचंच असेल तर एक चमचा शेवटी कच्चंच शिंपडा. तिथे त्याची चव कळते.

पातेल्यात गाळलेलं तेल आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून झाकण लावायचं, दोन्ही कान धरून पातेलं वर-खाली दहा-बारा वेळा जोरात झटकायचं. झाकण उघडलं की फोडींभोवती ओल्या रव्यासारखा लेप बसलेला दिसतो: उकडलेला बटाटा, तेल आणि मीठ यांचा दाट लगदा, कडा सगळ्या भुरभुरलेल्या. हाच लेप ओव्हनमध्ये कवच होतो. बोट लावून पाहा, खरखरीत लागायला हवं. गुळगुळीत, नुसतं तेलकट लागलं तर फोडी कमी शिजल्या आहेत किंवा झटकणं कमी पडलं आहे. कमी शिजलेल्या असतील तर काट्याने प्रत्येक फोडीवर रेघा ओढायच्या. काम चालून जातं. काही जण इथे रवा किंवा तांदळाचं पीठ भुरभुरतात. बटाटा पाणीदार असेल तर एक मोठा चमचा पिठाने खरंच फरक पडतो. आमच्या मते त्यात दादर ज्वारीचं पीठ सगळ्यात चांगलं, रव्यापेक्षा बारीक कवच येतं आणि वास भाकरीचा येतो. बेसन नको. ते बटाट्याआधी लाल होतं आणि खाताना भजी खाल्ल्यासारखं वाटतं.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा छोटा ओव्हन, २० मिनिटं आधी २२० अंशांवर लावून ठेवायचा, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू, पंखा असेल तर पंखा चालू आणि तापमान २०० वर. ट्रेही त्याच्या आतच तापवायचा. गार ट्रेवर बटाटे ठेवले की खालची बाजू आधी चिकटते, मग शिजते. बटणावरच्या आकड्यावर मात्र फार विश्वास ठेवू नये; स्वस्त ओटीजी २२० दाखवून आत १९० देतात, त्यातून संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तर आणखी कमी. ओव्हनचं थर्मामीटर आत टांगून एकदा आपल्या ओटीजीचा फरक मोजून ठेवला की कायमचा प्रश्न मिटतो. नसेल तर रंग बघून वेळ वाढवायची.

तापलेला ट्रे बाहेर काढून फोडी एकेक करून, सपाट बाजू खाली, ठेवायच्या. ठेवताक्षणी चर्र असा आवाज आला पाहिजे. फोडी एकमेकींना टेकता कामा नयेत, मध्ये किमान बोटभर जागा. २५ लिटरच्या ओटीजीच्या ट्रेमध्ये १ किलो एकदम बसत नाही, आणि इथेच बहुतेकांचा घाणा बिघडतो. दाटीवाटीने भरलेल्या ट्रेमध्ये प्रत्येक फोड शेजारणीला वाफ देते. पन्नास मिनिटांनीही मऊच, मग वैतागून आणखी वीस मिनिटं, मग वरून करपलेले आणि बगलेत ओले. दोन घाणे करावेत. दुसऱ्या घाण्याच्या फोडी तेल लावून ताटात उघड्या राहिल्या तर उलट सुकून चांगल्याच होतात. ट्रे जाड असावा. ओटीजीबरोबर येणारा पातळ जर्मनचा ट्रे तापला की वाकतो आणि तेल एका कोपऱ्यात जमा होतं. जाड लोखंडी ट्रे किंवा बसत असेल तर बिडाचा तवासुद्धा त्यापेक्षा बरा. ट्रेवर फॉइल अंथरू नये, कवच फॉइलला चिकटून येतं.

पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. प्रत्येक वेळी दार उघडलं की आतलं तापमान पटकन खाली येतं आणि ते भरून निघायला काही मिनिटं जातात. विसाव्या मिनिटाला एका फोडीखाली पातळ उलथणं घालून पाहायचं. सुटून आली तर सगळ्या उलटायच्या. चिकटली तर ओढाओढ नको, पाच मिनिटांनी पुन्हा. कवच पूर्ण झालं की ते आपोआप ट्रे सोडतं. सगळा गोंधळ करून एकदम ढवळू नये, प्रत्येक फोड वेगळी उलटायची. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन मिनिटं जातात, पण दुसरा मार्ग नाही. त्यानंतर १५ मिनिटं, पुन्हा एकदा उलटणं, मग शेवटची १० ते १५ मिनिटं. एकूण ४५ ते ५५ मिनिटं. दीड किलोवॅटच्या ओटीजीला तापवण्यासकट दीड युनिटाच्या आसपास वीज लागते.

झालं हे कसं ओळखायचं? रंग सोनेरी ते फिका तपकिरी, भाकरीच्या भाजलेल्या ठिपक्यांइतका. त्यापुढे जाऊ नये: गडद तपकिरीपासून कडवटपणा येतो आणि अ‍ॅक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थही वाढतो. रंगापेक्षा आवाज खात्रीचा. ट्रे हलवला की फोडी खडखडल्या पाहिजेत, खड्यांसारख्या. आवाज बोदा आला तर आणखी पाच मिनिटं. ट्रेच्या तेलातले बुडबुडेही बघा. बुडबुडे येताहेत तोवर बटाट्यातून पाणी निघतं आहे, ते विरळ झाले की कवच तयार.

हर्ब्जचं म्हणाल तर सगळा प्रश्न त्यांच्यातल्या पाण्याचा आहे. रोझमेरी, थाइम यांची पानं चिवट, कमी पाण्याची, त्यामुळे ती भट्टीत शेवटची दहा मिनिटं टिकतात. आपला पुदिना, कोथिंबीर, लसणाची पात ही पाणीदार आणि नाजूक. ओव्हनमध्ये पाच मिनिटांत त्यांचं काळं गवत होतं आणि वास चिमणीतून जातो. म्हणून ती बाहेर आल्यावरच. रोझमेरीची सुकी बाटली आता जळगाव-धुळ्याच्या मोठ्या किराणा दुकानांत मिळते. एक छोटा चमचा चुरून, शेवटच्या दहा मिनिटांत. पण तिच्यासाठी अडून बसायचं कारण नाही. थाइमचा तो विशिष्ट वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच थायमॉल ओव्यात भरपूर असतं, म्हणून तर तेलात पाव चमचाच ओवा सांगितला. अर्धा घातला तर पोटदुखीच्या काढ्याची आठवण होते. कुंडीत पानओवा असेल तर त्याची दोन-तीन जाड पानं बारीक चिरून लसणाबरोबर तेलात घालायची, मग ओवा नको. पान पाणीदार असल्यामुळे तेल तडतडतं, तोंड लांब ठेवावं.

ट्रे बाहेर आला की मोठ्या परातीत बटाटे ओतायचे, वर बाजूला ठेवलेला लसूण-कढीपत्ता चुरून, बारीक चिरलेला पुदिना आणि पात, मिरी, चवीपुरतं मीठ. पुदिना धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडा केलेला असावा; ओला पुदिना टाकला की त्या जागी कवच मिनिटात मऊ पडतं. दोनदा उडवायचं, बस. लिंबू हवं असेल तर ताटात, ज्याचं त्याने पिळावं. परातीत पिळू नये. आंबट आधीच हवं असेल तर अर्धा चमचा आमचूर, ते कोरडं असतं. काळा मसाला घालायचा मोह इथे होतोच. घालायचा तर पाव चमचा, परातीत, पुदिन्याऐवजी. दोन्ही एकत्र नको, मसाल्यापुढे पुदिना ऐकू येत नाही.

ओव्हन नसेल तर लोखंडी कढई किंवा जाड तवा. उकडणं, सुकवणं, झटकणं अगदी तसंच, फक्त माप अर्धा किलोचं आणि तेल ६० मिली, कारण इथे उष्णता फक्त खालून आहे. मध्यम आचेवर एका थरात फोडी लावायच्या, प्रत्येक बाजूला ७ ते ८ मिनिटं, तीन बाजू. झाकण अजिबात नाही. झाकणाला लागलेलं पाणी परत खाली गळतं आणि केलेलं सगळं वाया. ट्रेइतकं एकसारखं कवच येत नाही, पण तव्याला टेकलेल्या बाजू ओव्हनपेक्षाही कडक होतात. एअरफ्रायरमध्ये ४०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. २०० अंश, २० ते २५ मिनिटं, दर आठ मिनिटांनी टोपली हलवायची. हेलकावा जोरात दिला तर नाजूक लेप जाळीतून खाली पडतो. चुलीवर करायचं असेल तर जाड पातेल्यावर ताटली ठेवून तिच्यावर निखारे, खाली आच मंद. ताटली किंचित तिरकी, वाफेला फट राहील अशी. फट राहिली नाही की वाफ कोंडून पुन्हा तेच.

भाजले की दहा मिनिटांत ताटात आले पाहिजेत. आतल्या गराचं पाणी सावकाश बाहेर येतं आणि वीस-पंचवीस मिनिटांत कवच मऊ व्हायला लागतं. हे थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं: एकावर एक रचायचे नाहीत, वर ताट झाकायचं नाही, स्टीलच्या डब्यात भरायचे तर अजिबात नाही. पाहुण्यांची जेवणाची वेळ नक्की नसेल तर शेवटची उलटापालट झाली की ओव्हन बंद करून दार थोडं उघडं ठेवावं आणि ते बसले की शेवटची दहा मिनिटं पूर्ण करावीत.

आदल्या रात्रीची तयारी इथे फायद्याची ठरते. उकडून, झटकून, तेल लावलेल्या फोडी ताटात पसरून फ्रिजमध्ये उघड्या ठेवायच्या. रात्रभरात वरचं पीठ सुकतं आणि शिजलेलं पीठ थंडीत घट्ट होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं कवच ताज्यापेक्षा जाड येतं. शिजवलेल्या बटाट्याला फ्रिज चालतो, कच्च्याला नाही. फ्रिजमधल्या फोडींना पाच-सात मिनिटं जास्त लागतात, एवढंच. उरलेले भाजलेले बटाटे २०० अंशांवर आठ ते दहा मिनिटांत पुन्हा उभे राहतात. मायक्रोवेव्हमध्ये त्यांचा रबर होतो.

ताटात यांची जागा कोरड्या बाजूला. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, ठेचा, भरीत आणि कडेला पाच-सहा फोडी. किंवा वरण-भाताबरोबर पापडाच्या जागी. शेवभाजीच्या रश्शात बुडवून खाणारे आहेत, त्यांना अडवत नाही, पण तासभराच्या मेहनतीचं कवच त्यात अर्ध्या मिनिटात विरघळतं. बुडवायला दह्याऐवजी शेंगदाण्याची ओली चटणी करावी: ५० ग्रॅम भाजलेले, फोलपटं काढलेले दाणे अर्धा तास गरम पाण्यात भिजवायचे, मग दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ आणि चार-पाच चमचे पाणी घालून गंधासारखं बारीक वाटायचं. मघाशी सांगितलेलं घाण्याचं तेल एक चमचा वरून. चटणी वेगळ्या वाटीत द्यायची, बटाट्यांवर ओतायची नाही.